यीस्टमधले जनुक काढताना कॅसेट भलत्याच जागी बसते : समस्या निवारण

बेकरीच्या यीस्टमधले, म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसीमधले, एखादे जनुक काढून त्या जागी प्रतिजैविकाला दाद न देणारा मार्कर (निवडीसाठीचे खुणेचे जनुक) असलेला डीएनएचा तुकडा, म्हणजे कॅसेट, बसवणे हे काम कागदावर आठवड्याभराचे दिसते. प्रत्यक्षात त्यापायी दोन-दोन महिने घालवलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकाच वाक्यात मांडता येते: प्लेटवर कॉलन्या भरपूर आल्या, पण पीसीआर (डीएनएचा ठराविक तुकडा वाढवून जेलवर त्याचा पट्टा, म्हणजे बँड, पाहण्याची चाचणी) केला की मूळ जनुक जागच्या जागीच आढळते. मग पेशीत डीएनए शिरवण्यासाठीचे लिथियम ॲसिटेट नव्याने बनवले जाते, पीईजीची बाटली बदलली जाते, ४२ अंशांवरचा उष्मा-धक्का वीस मिनिटांवरून चाळीस मिनिटांवर नेला जातो आणि पुढच्या आठवड्यात तोच बँड पुन्हा तिथेच दिसतो. डीएनए पेशीत शिरलाच नसता तर कॉलन्या आल्या नसत्या, त्यामुळे अशा वेळी दोष बहुधा द्रावणांत नसून आपण पेशीला दिलेल्या बेसक्रमात असतो. हा दोष मी इतक्या वेळा निस्तरला आहे की तपासण्यांचा क्रम आता पाठ झाला आहे.

लक्षणे

- निवडक माध्यमावर कॉलन्या येतात, पण त्यांतल्या एकीतही कॅसेट अपेक्षित जागी आढळत नाही.
- कॅसेटच्या एका बाजूचा जोड पीसीआरमध्ये बरोबर दिसतो आणि दुसऱ्या बाजूचा काही केल्या दिसत नाही.
- एकाच कॉलनीतून मूळ जनुकाचा आणि कॅसेटचा असे दोन्ही बँड येतात, आणि पुन्हा रेषा ओढून स्वतंत्र कॉलनी घेतली तरी दोन्ही टिकून राहतात.
- पहिले जनुक व्यवस्थित निघालेले असते. त्याच स्ट्रेनमधून (यीस्टच्या वाणातून) दुसरे काढायला घेतले की सगळे बिघडते.
- कॅसेट बसलेली असते, पण निवडीशिवाय काही दिवस वाढवल्यावर काही पेशींतून मार्कर नाहीसा होतो.
- एरवी सहज निघणारे जनुक दुसऱ्या स्ट्रेनमध्ये, विशेषतः जंगली किंवा वाइनच्या स्ट्रेनमध्ये, निघत नाही.

कॉलन्याच आल्या नसतील तर तो वेगळा आजार आहे. तिथे पेशींची वाढ, एकधाग्याच्या वाहक डीएनएचे उकळणे आणि कॅसेटचे प्रमाण यांकडे आधी पाहावे.

पेशी जागा कशी शोधते

पेशीत शिरलेल्या सरळ डीएनएची टोके विकरे कुरतडतात आणि ३-प्राइम बाजूचा एकेरी धागा उघडा पडतो. रॅड-५२ या प्रथिनाच्या मदतीने त्यावर रॅड-५१ या प्रथिनाची रांग बसते, आणि हा धागा गुणसूत्रांवर आपल्याशी जुळणारा क्रम चाचपत फिरतो. सलग आठ बेस जुळले तरच तो क्षणभर थांबतो, आणि जुळणी पुढे वाढत गेली तरच तिथे पुनःसंयोजन, म्हणजे दोन डीएनएंतली अदलाबदल, होते. म्हणजे निकाल चार गोष्टींवर ठरतो: जुळणारा भाग किती लांब आहे, तो किती तंतोतंत आहे, तो मोकळ्या टोकाच्या किती जवळ आहे आणि तसाच क्रम जीनोममध्ये आणखी कुठे आहे. पुढची प्रत्येक तपासणी या चारांपैकी कशाची तरी परीक्षा आहे.

टोकांचे महत्त्व जुन्या प्रयोगांतूनच कळलेले आहे. १९७८ मध्ये हिनेन, हिक्स आणि फिंक यांनी ल्यू-२ जनुक असलेला गोल प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचे छोटे डीएनए-वलय) यीस्टमध्ये घातला, तेव्हा तो गुणसूत्रात जाऊन बसत असे, पण विरळाच. १९८१ मध्ये ऑर-वीव्हर, शोस्टाक आणि रॉथस्टीन यांनी प्लाझ्मिड यीस्टशी जुळणाऱ्या भागातच कापून घातला, तेव्हा त्याचे बसणे दहापट ते हजारपट वाढले. शिवाय प्लाझ्मिडवर यीस्टची दोन जनुके असली तर ज्या जनुकात काप दिला त्याच जनुकाच्या ठिकाणी तो जाऊ लागला. दोन्ही टोके जुळणारी ठेवून मधले जनुक एका पायरीत उडवण्याची रॉथस्टीन यांची रीत १९८३ ची. पुढे १९९३ मध्ये ही जुळणारी टोके प्रायमरलाच (पीसीआर सुरू करणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यालाच) जोडून पीसीआरने कॅसेट बनवता येते हे दाखवले गेले, आणि तेव्हापासून ४०-५० बेसच्या त्या पट्ट्यांवर, ज्यांना प्रयोगशाळेत सगळे ‘आर्म’ म्हणतात, आपण निर्धास्त विसंबून राहिलो आहोत. ही निर्धास्ती बहुतेक वेळा खपून जाते. ती खपली नाही की पुढील क्रमाने पाहावे.

१. नियंत्रण प्लेटा

यात खर्च नाही, फक्त प्लेटा नीट पाहायच्या आहेत. डीएनए न घातलेल्या पेशींची एक आणि नुसता साचा-प्लाझ्मिड (ज्यावरून पीसीआरने कॅसेट बनवली तो) घातलेल्या पेशींची एक, अशा दोन प्लेटा प्रत्येक खेपेस असायलाच हव्यात. पहिलीवरही तितक्याच कॉलन्या असतील तर निवडच ढिली आहे. जी-४१८ या प्रतिजैविकासाठी नेहमीच्या वायपीडी माध्यमात मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम पुरतात, पण अमोनियम सल्फेट असलेल्या कृत्रिम माध्यमात हे औषध नीट काम करत नाही. तिथे नायट्रोजनसाठी मोनोसोडियम ग्लुटामेट वापरावे लागते. ही एक ओळ ठाऊक नसल्यामुळे वाया गेलेल्या प्लेटांचा ढीग मी स्वतः ऑटोक्लेव्हमध्ये टाकला आहे.

दुसऱ्या प्लेटवर कॉलन्या आल्या तर कॅसेटबरोबर साचा-प्लाझ्मिडही पेशीत गेला आहे. साचा सेंट्रोमिअर (विभाजनात गुणसूत्राची वाटणी घडवणारा भाग) आणि प्रतिकृतीचा आरंभबिंदू असलेल्या प्लाझ्मिडवर असेल तर तो गुणसूत्राला हातही न लावता पेशीत नांदतो आणि कॉलनी देतो. पीसीआरनंतर तासभर डीपीएन-१ विकर घालावे. ते जिवाणूतून आलेला मिथिलयुक्त डीएनए कापते आणि पीसीआरच्या उत्पादनाला हात लावत नाही.

जी-४१८ वर दिसणाऱ्या धुरकट, टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलन्याही मोजू नयेत. कॅसेट आत गेली, काही काळ तिचे जनुक चालले, पण ती गुणसूत्रात बसली नाही, अशा त्या पेशी असतात. उष्मा-धक्क्यानंतर पेशींना औषधाविना दोन-चार तास वाढू द्यावे आणि तिसऱ्या दिवशी मखमलीवरून नव्या प्लेटवर छाप घ्यावी. खऱ्या कॉलन्या तेवढ्या उरतात.

२. जुना मार्कर अजून आहे का?

स्ट्रेनमध्ये आधीच एखादे जनुक काढलेले असेल तर इतर काहीही करण्यापूर्वी ही चाचणी करावी. माझ्या अनुभवात ‘दुसरे जनुक निघत नाही’ या तक्रारीचे सर्वांत नेहमीचे कारण हेच निघाले आहे, आणि ते शोधायला एक प्लेट पुरते.

१९९४ मध्ये आलेली कॅन-एमएक्स कॅसेट लोकप्रिय झाली ती मुळात या पुनःसंयोजनाच्या कारणामुळेच. तिचे जी-४१८ ला दाद न देणारे प्रतिकार-जनुक जिवाणूच्या ट्रान्सपोझॉनमधले (जागा बदलणाऱ्या डीएनए-तुकड्यातले), तर प्रमोटर आणि टर्मिनेटर (जनुकाचे वाचन सुरू करणारा आणि थांबवणारा भाग) ॲशबिया गॉसिपी या बुरशीच्या टीईएफ जनुकाचे आहेत, त्यामुळे बेकरीच्या यीस्टमध्ये तिला लांबलचक जुळणारी जागा सापडत नाही आणि ती आर्म नेतील तिथेच जाते. पुढे त्याच धर्तीवर नॅट आणि हायग्रोमायसिन या औषधांसाठी नॅट-एमएक्स आणि एचपीएच-एमएक्स आल्या, तेव्हा मधले जनुक बदलले, पण प्रमोटर आणि टर्मिनेटर तेच राहिले. हिस-३-एमएक्स-६ चीही गोष्ट तीच.

आता हिशेब मांडून पाहा. स्ट्रेनमध्ये पहिल्या जनुकाच्या जागी कॅन-एमएक्स बसलेली आहे आणि आपण दुसऱ्या जनुकासाठी नॅट-एमएक्स घालतो आहोत. आपल्या आर्मची जुळणी प्रत्येकी ४० बेसची आहे. कॅसेटच्या आतला प्रमोटर मात्र आधीच बसलेल्या कॅसेटच्या प्रमोटरशी सुमारे साडेतीनशे बेस अक्षर न चुकता जुळतो, आणि टर्मिनेटर सुमारे दोनशे. कुरतडणे आर्मच्या थोडे पुढे गेले की पेशीसमोर दोन पत्ते असतात, आणि लांब पत्ता जुन्या कॅसेटचा असतो. कॅन जाते, नॅट तिच्या जागी बसते, आणि ज्या जनुकासाठी खटाटोप केला ते जसेच्या तसे राहते. नॅटच्या प्लेटवर कॉलनी मात्र दिमाखात वाढते.

एका विद्यार्थिनीच्या २४ कॉलन्या आम्ही एका वायपीडी प्लेटवर ठिपक्यांनी लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांची छाप नॅटच्या आणि जी-४१८ च्या प्लेटवर घेतली. नॅटच्या प्लेटवर २४ च्या २४ ठिपके पांढरे, जाड आले. जी-४१८ च्या प्लेटवर चारच आले आणि बाकीच्या वीस जागी मखमलीचा फक्त ओलसर ठसा राहिला. ती सहा आठवडे त्या वीसांतल्याच कॉलन्या उचलून पीसीआर करत होती. उरलेल्या चारांपैकी तिघींत दुसरे जनुक खरोखरच निघालेले होते, म्हणजे तिला हवी असलेली कॉलनी पहिल्याच दिवशी तिच्या प्लेटवर होती.

म्हणून नव्या औषधावर वाढलेल्या प्रत्येक कॉलनीची जुन्या औषधावर चाचणी घ्यावी आणि दोन्हींवर वाढणाऱ्याच पुढे न्याव्यात. अशी एकही सापडली नाही तर दोन मार्ग उरतात. पहिला, वेगळा प्रमोटर आणि वेगळा टर्मिनेटर असलेला मार्कर घेणे. दुसरा, मला अधिक पसंत असलेला, म्हणजे दोन जनुके दोन वेगळ्या स्ट्रेनमध्ये काढणे, एक बीवाय-४७४१ मध्ये आणि दुसरे विरुद्ध लिंगाच्या बीवाय-४७४२ मध्ये, आणि मग त्यांचा संकर करून बीजाणू घेणे. जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतील तर चारांतला एक बीजाणू दोन्ही जनुके नसलेला मिळतो.

दोन्ही जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारी असतील तर मात्र अर्धगुणसूत्री विभाजनातल्या क्रॉसिंग ओव्हरवर (जोडीच्या गुणसूत्रांतल्या तुकड्यांच्या अदलाबदलीवर) विसंबावे लागते. यीस्टमध्ये सरासरीने ३ हजार बेसमागे सुमारे एक सेंटिमॉर्गन (शंभरांतला एक बीजाणू पुनःसंयोजित होईल इतके) अंतर पडते. जनुकांत १० हजार बेसचे अंतर असेल तर शंभरांतले सुमारे तीन बीजाणू पुनःसंयोजित असतील, आणि त्यांतल्या निम्म्यांतच दोन्ही कॅसेट एकत्र असतील. म्हणून इथे चार-चार बीजाणू सुईने वेगळे करत बसू नये. बीजाणूंचा सगळा घोळका थेट दोन्ही औषधांच्या प्लेटवर पसरावा, पण त्याआधी न विभागलेल्या द्विगुणी (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) पेशी मारल्या गेल्याची खात्री करावी, कारण त्याही दोन्ही औषधांना दाद देत नाहीत.

ही सरासरी प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही. क्रॉसिंग ओव्हरची सुरुवात स्पो-११ या प्रथिनाने केलेल्या दुहेरी कापांतून होते, एका विभाजनात असे दीडशेच्या आसपास काप पडतात, आणि ते बहुतांशी जनुकांच्या प्रमोटरमधल्या न्यूक्लिओसोम (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ते प्रथिनांचे गोळे) नसलेल्या उघड्या पट्ट्यांत पडतात. २०११ मध्ये काढलेल्या नकाशात असे सुमारे ३,६०० तप्तबिंदू नोंदले गेले. उंदरांत आणि माणसांत पीआरडीएम-९ हे प्रथिन ठराविक बेसक्रम ओळखून कापाची जागा ठरवते. यीस्टमध्ये ते नाही, इथे क्रमाचा प्रभाव क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) कुठे उघडे राहते यामार्गे पडतो. सेंट्रोमिअरच्या आसपास तर क्रॉसिंग ओव्हर दबलेलेच असते. आपली दोन जनुके तिथे असतील तर दुप्पट-तिप्पट बीजाणू पसरण्याची तयारी ठेवावी.

३. पीसीआरचे प्रायमर कुठे बसतात?

ही तपासणी कागद-पेन्सिलीची आहे, आणि तिच्यात चूक सापडली की फार ओशाळायला होते. तपासणीचा बाहेरचा प्रायमर आर्मच्या बाहेर, गुणसूत्रावर असला पाहिजे. तो आर्मच्या आतच बसत असेल तर कॅसेट कुठेही जाऊन बसली तरी ‘बरोबर’ लांबीचा बँड येतो, कारण आर्म कॅसेटबरोबरच गेलेला असतो. लांब आर्म वापरणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते.

दोन्ही जोड वेगवेगळे तपासावेत आणि तिसरा पीसीआर मूळ जनुकाच्या आतल्या प्रायमरने करून ते जनुक उरले नाही हे पाहावे. एकच जोड बरोबर येतो तेव्हा कॅसेटचे एक टोक समजात (जुळणाऱ्या क्रमांतून होणाऱ्या) पुनःसंयोजनाने बसलेले असते आणि दुसरे दुसऱ्याच मार्गाने चिकटलेले असते. अशी कॉलनी टाकून द्यावी. ती ‘जवळजवळ बरोबर’ नसते.

४. आर्मचा क्रम संगणकावर

सॅकरोमायसीस जीनोम डेटाबेसवर जाऊन दोन्ही आर्म पूर्ण जीनोमविरुद्ध ब्लास्ट करावेत, म्हणजे जुळणारे क्रम आणखी कुठे आहेत ते शोधावे. पाच मिनिटांचे आणि फुकटचे काम आहे, तरी प्रायमर मागवण्याआधी ते करणारे थोडेच. जीनोम सुमारे १ कोटी २० लाख बेसचा, १६ गुणसूत्रांचा आणि माणसाच्या तुलनेत आटोपशीर असला तरी त्यात पुनरावृत्ती पुष्कळ आहेत. टीवाय ट्रान्सपोझॉनचे सुमारे ३३० बेसचे डेल्टा तुकडे तीनशेच्या घरात विखुरलेले आहेत आणि ते बहुधा टी-आरएनए जनुकांच्या शेजारी असतात, कारण ट्रान्सपोझॉन तिथेच शिरतात. आपल्या जनुकाच्या शेजारी टी-आरएनए असेल तर आर्मचा काही भाग डेल्टात जात नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. गुणसूत्रांच्या टोकांजवळच्या वाय-प्राइम पट्ट्या आणि बाराव्या गुणसूत्रावरच्या राइबोसोमल डीएनएच्या शंभर-दोनशे प्रती हेही असेच भुलवणारे पत्ते.

जुळी जनुके आणखी फसवतात. चौथ्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी असलेली एचएक्सटी-६ आणि एचएक्सटी-७ ही ग्लुकोजवाहक जनुके जवळजवळ एकसारखी आहेत. आर्म जनुकाच्या आतून घेतले तर कॅसेट या घरात गेली की त्या घरात हे पेशीलाही सांगता येणार नाही, आणि कधीकधी दोन्ही घरे मिळून एकच होतात. अशा वेळी आर्म जनुकाबाहेरच्या, दोघांत भिन्न असलेल्या भागातून घ्यावेत. प्रमोटर आणि जनुकानंतरचा भाग यांत ए आणि टी च्या लांबच लांब माळा असतात, त्यातून घेतलेला ४० बेसचा आर्म प्रत्यक्षात वीस बेसच्याच मोलाचा ठरतो. आर्म ३० बेस इकडे-तिकडे सरकवला तर काही बिघडत नाही, फक्त शेजारच्या जनुकाचा प्रमोटर कापला जाणार नाही हे पाहावे.

५. मार्करचा स्वतःचा ओढा

युरा-३, हिस-३, ल्यू-२ अशी पोषकद्रव्ये बनवायला लागणारी यीस्टचीच जनुके मार्कर म्हणून वापरली असतील तर त्यांचे अवशेष स्ट्रेनमध्ये आहेत का ते पाहावे. डब्ल्यू-३०३ या स्ट्रेनमध्ये युरा-३-१ आणि ट्रप-१-१ हे बिंदू-उत्परिवर्तन आहेत, म्हणजे सबंध जनुक एका बेसचा अपवाद सोडला तर जागेवर आहे. युरा-३-५२ या बिघडलेल्या जनुकात मधोमध टीवाय घुसलेला आहे, पण दोन्ही बाजूंचे जनुक शाबूत आहे. बीवाय-४७४१ मधून युरा-३ आणि ल्यू-२ पूर्ण काढलेली आहेत, तिथला हिस-३ चा दोष मात्र जनुकाच्या आतल्या छोट्या तुकड्यापुरता आहे. जिथे असे अवशेष आहेत तिथे कॅसेट आपल्या आर्मकडे न जाता घरी परतते, जुने जनुक दुरुस्त करते आणि निवड पार पडते. उपाय साधा आहे: मार्कर परक्या यीस्टचा घ्यावा, उदाहरणार्थ क्लुइव्हेरोमायसीस लॅक्टिसचे युरा-३, जे काम तेच करते पण क्रमाने पुरेसे वेगळे आहे.

निवड काढल्यावर मार्कर गळण्याचे लक्षण याच्याशी जुळलेले आहे. प्लाझ्मिड एकाच क्रॉसिंग ओव्हरने बसला की त्याच्या दोन्ही बाजूंना एकच क्रम दोनदा येतो, आणि या दोन प्रतींत पुन्हा पुनःसंयोजन झाले की मधला सगळा भाग निसटतो. दोन टोकांनी बसणारी कॅसेट घेतली की हा प्रश्न सुटतो.

६. स्ट्रेन कोणता आहे?

संगणकावरचा संदर्भ-क्रम एस-२८८-सी या स्ट्रेनचा आहे. आपला स्ट्रेन एसके-१ किंवा एखाद्या द्राक्षबागेतला असेल तर दर काही शे बेसमागे एखादा फरक असणारच, आणि तो ४० बेसच्या आर्ममध्ये पडला तर नुकसान फरकाच्या मानाने फार मोठे होते. पेशीची चूक-दुरुस्ती यंत्रणा, म्हणजे एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही प्रथिने, जुळू पाहणाऱ्या दोन धाग्यांतला विजोड बेस ओळखते आणि एसजीएस-१ च्या मदतीने ती जुळणी उलगडून टाकते. काही शे बेसच्या एरवी तंतोतंत तुकड्यात एकच विजोड असला तरी पुनःसंयोजन मोजण्याइतके घटते, हे १९९७ मध्येच दाखवले गेले आहे. बेकरीचे यीस्ट आणि सॅकरोमायसीस पॅराडॉक्सस यांच्या संकराचे बीजाणू जवळजवळ सगळे मरतात, त्यालाही या यंत्रणेचा हातभार आहे. त्यामुळे अनोळखी स्ट्रेनमध्ये आर्मचा भाग आधी पीसीआरने वाढवून त्याचे सिक्वेन्सिंग करून घ्यावे आणि प्रायमर त्यावरून लिहावे. एमएसएच-२ काढून टाकून अडथळा दूर करण्याची युक्ती कोणीतरी सुचवतेच. ती ऐकू नये, कारण मग सगळ्या जीनोममध्ये उत्परिवर्तने साचू लागतात आणि पुढे कोणत्याच निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

स्ट्रेनच नव्हे तर जातही तपासावी. पिकिया, यारोविया किंवा क्लुइव्हेरोमायसीस यांत तुटलेली टोके क्रम न पाहता जोडण्याचा मार्ग प्रबळ आहे. तिथे ४० बेसचे आर्म म्हणजे बिनपत्त्याचे पाकीट. त्यांत हजारभर बेसचे आर्म तरी घ्यावेत, नाहीतर अशी टोके जोडायला लागणाऱ्या केयू प्रथिनाचे जनुक आधी काढलेला स्ट्रेन मिळवावा.

७. प्रायमरचा दर्जा

इथून पैसे खर्च होऊ लागतात. ४० बेसचा आर्म आणि २० बेसचा साच्यावर बसणारा भाग मिळून ६० बेसचा प्रायमर होतो. प्रायमर रसायनाने ३-प्राइम टोकाकडून बांधला जातो आणि प्रत्येक बेस जोडण्याची पायरी ९९ टक्के यशस्वी झाली असे धरले तरी ५९ पायऱ्यांनंतर पूर्ण लांबीचे रेणू निम्म्याहून थोडेच अधिक, सुमारे ५५ टक्के, उरतात. अर्धवट राहिलेल्यांत जे तुटते ते ५-प्राइम टोक, म्हणजे नेमका आपला आर्म. पीसीआर तरीही उत्तम चालतो, कारण साच्यावर बसणारा भाग शाबूत असतो, आणि जेलवर बँडही देखणा दिसतो. नुसते मीठ काढलेले प्रायमर चालवून पाहायला हरकत नाही, पण अडले की जेलने शुद्ध केलेले मागवावेत.

८. लांब आर्म

एवढे करूनही अडले तर लांबी वाढवावी, आणि तीही स्वस्तात. यीस्टच्या जनुक-वजाबाकी संग्रहात, जो २००२ पर्यंत पूर्ण होत आला, अत्यावश्यक नसलेल्या जवळजवळ प्रत्येक जनुकाचा कॅन-एमएक्स स्ट्रेन आहे. आपल्या जनुकाचा स्ट्रेन कुणाकडून मिळाला तर त्याच्या डीएनएवरून, जनुकाच्या दोन्ही बाजूंना ३०० ते ५०० बेस दूर असलेल्या प्रायमरनी, सबंध जागा वाढवावी आणि तो तुकडा आपल्या स्ट्रेनमध्ये घालावा. साधे २० बेसचे प्रायमर लागतात, आणि दुसऱ्या मुद्द्यातली कॅसेटची अदलाबदलही यामुळे बरीच कमी होते.

यापुढची पायरी कॅस-९ या डीएनए कापणाऱ्या विकराने त्या जागी काप देण्याची; यीस्टमध्ये ती २०१३ पासून रूढ आहे. काप दुरुस्त झाल्याशिवाय पेशी जगत नाही, त्यामुळे दिलेला तुकडा वापरला जाण्याचे प्रमाण एकदम चढते. पण मार्गदर्शक आरएनए निवडणे, त्याचा प्लाझ्मिड बनवणे आणि नंतर तो काढून टाकणे यात दोन आठवडे सहज जातात, म्हणून मी ती आधी सुचवत नाही.

९. कुठे थांबावे

दोन्ही बँड एकत्र येत असतील तर स्ट्रेन द्विगुणी नाही ना, हे लिंग-चाचणीने पाहावे. तो एकगुणी असूनही, स्वतंत्र कॉलनी तीनदा घेऊनही, दोन्ही बँड टिकले तर त्या पेशीने जनुक असलेल्या गुणसूत्राची दुसरी प्रत राखली आहे असे समजावे. जनुक अत्यावश्यक किंवा वाढीला फार जरुरीचे असले की अशाच पेशी निवडून येतात. यीस्टच्या सुमारे ६ हजार जनुकांपैकी हजारावर जनुके अत्यावश्यक आहेत, तेव्हा यादी आधी पाहावी. शंका असेल तर द्विगुणी स्ट्रेनमध्ये एकच प्रत काढून बीजाणू घ्यावेत. प्रत्येक चौकडीत दोन जगले, दोन मेले, आणि जगलेल्यांपैकी एकही औषधावर वाढला नाही, तर कॅसेटचा दोष नाही. तिथे जनुक काढण्याचा प्रयत्न थांबवावा.

तीन स्वतंत्र प्रयत्न, नवे आर्म आणि लांब आर्म इतके होऊनही जोड बसत नसेल, किंवा जादा गुणसूत्राचा संशय असेल, तर आणखी पीसीआर करण्यात अर्थ नाही. त्या जागी गुणसूत्राची अदलाबदल झालेली असू शकते किंवा संदर्भ-क्रमच आपल्या स्ट्रेनला लागू नसू शकतो, आणि हे पीसीआरच्या बँडवरून कळत नाही. मूळ स्ट्रेन आणि संशयित कॉलनी अशा दोहोंचा डीएनए संपूर्ण जीनोम सिक्वेन्सिंगसाठी सेवाकेंद्राकडे द्यावा, प्रत्येक गुणसूत्राची वाचन-खोली (तो भाग सरासरी किती वेळा वाचला गेला ते) स्वतंत्रपणे मागावी आणि तो निकाल यीस्टच्या आनुवंशिकीत मुरलेल्या माणसाकडून वाचून घ्यावा. स्ट्रेन उद्योगातला किंवा रुग्णाकडून मिळालेला असेल, तर पुढचा फेरफार करण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी त्या बदललेल्या आराखड्यालाही लागू आहे का ते लेखी विचारावे. डीएनए पाठवताना नळीबरोबर दोन्ही आर्मचे क्रम, कॅसेटचा पूर्ण क्रम आणि स्ट्रेनचा पूर्ण जनुकप्रकार लिहिलेला कागद जोडावा. वाचणाऱ्याचे अर्धे काम त्यात होते, आणि माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी काहींचे उत्तर तो कागद लिहितानाच लिहिणाऱ्याला सापडले आहे.